पेन्सिलीची पत्रं

खेचर वर होतं, हे सरकारला मान्य आहे. खेचरवाला वर होता, हे मान्य नाही. सगळं भांडण एवढंच. समजायला अवघड नाही, तरी वर्षानुवर्षं चाललंय.

मी फौजेत खेचरं चालवली. बर्फातल्या चौक्यांवर रेशन, रॉकेल, दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जायचा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, अशी वाट. वर माल टाकून खाली यायचं, असा हुकूम. पण बर्फ पडून वाट बंद झाली की आम्ही वरच्या चौकीतच अडकायचो. कधी आठ दिवस, कधी महिना. आमची हजेरी मात्र खालच्या कॅम्पात लागत राहायची. रजिस्टर भरणाऱ्याला माणूस कुठे आहे याच्याशी काय करायचंय, रकाना भरला की झालं.

पुढे, वर राहिलेल्यांसाठी पदक निघालं. चौकीतल्या शिपायांना मिळालं. मिळायलाच हवं होतं. आम्हाला म्हणाले, तुम्ही खाली होता.

माझ्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं गेली. ती कापली खालच्या दवाखान्यात, म्हणून कागदावर तीही खालचीच. बायकोला मी सांगितलं, खेचराचा पाय पडला.

बायकोशी मी खोटं बोलायचो ते एवढ्यापुरतंच नाही. पत्रात नेहमी लिहायचो, मी कॅम्पातच आहे, वर जात नाही, काळजी करू नको. ती गावाला, पोर लहान, सासू आजारी. तिला खरं लिहून काय होणार होतं? वाट थोडीच उघडणार होती.

मुलगा दिल्लीत सरकारी नोकरीला लागला. त्यानं तिथल्याच द्वारका भागात घर घेतलं आणि आम्हा दोघांना आणलं. इथे मला माझ्या तुकडीतला जुना सोबती भेटला, पानिपतजवळच्या गावचा. त्यानंच आम्हा खेचरवाल्यांना फोन करकरून गोळा केलं. आधी अर्ज केले, मग जंतरमंतरला धरणं धरून बसायला लागलो. सगळे साठी-सत्तरीचे. कुणाचा गुडघा, कुणाची साखर. घोषणा दिली की निम्मे खोकायचे.

सोबती खटपट्या माणूस. त्यानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून जनावरांच्या औषधपाण्याच्या रजिस्टरची नक्कल मिळवली. फौजेत खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो. त्या नकलेत माझ्या खेचराचा नंबर होता. वरच्या चौकीत त्याचं पोट दुखलं, त्याला औषध पाजलं, तारखा, सगळं व्यवस्थित. औषध पाजायला त्याचं तोंड मी धरलं होतं. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

सोबत्यानं तेवढ्यावरच फलक रंगवून घेतला. 'खच्चर ऊपर था, तो क्या अकेला गया था?' येणारे जाणारे हसायचे. एका पोलिसानं तर फोटो काढून घेतला.

बायको माझ्याबरोबर यायची. मेट्रोत बसायला जागा मिळाली की डबा मांडीवर घट्ट धरून बसायची. डब्यात थालीपीठ, दशम्या, माणसं मोजून नाही, अंदाजानं जास्तच. सोबती तिला भाभी म्हणायचा आणि माझी खेचायचा. एकदा म्हणाला, "तुम मराठे पानिपत में हमको छोड़के भाग लिए थे. इस बार बैठा रहियो, मराठे."

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "भागे नहीं थे भैया, जेवण लाने गए थे." आणि त्याच्या हातावर थालीपीठ ठेवलं.

तेव्हापासून तो मला डबेवाला म्हणतो.

पहिला अर्ज भरला तेव्हाची गोष्ट सांगायची राहिली. अर्जात लिहायचं होतं की मी वर इतका काळ होतो. मुलगा वाचून दाखवणार, हिला कळणार. त्याआधी आपणच सांगावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. ती मेथी निवडत होती.

"अगं, मी तुला पत्रात खोटं लिहायचो. मी वर असायचो."

"बरं," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो. चिडेल, रडेल, निदान विचारेल तरी.

"पायाशी मेथीची देठं आहेत, तुडवू नका," एवढंच बोलली.

मला राग आला. वाटलं, हिला काही नाहीच त्याचं. इतकी वर्षं मी ते मनात धरून बसलो, आणि हिला देठांची पडलीय. त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही. माफी मागायची होती, तीही राहिली.

मागच्या थंडीत ती गेली. इथली हवा तिच्या छातीला सोसली नाही. आठ-दहा दिवस दवाखान्यात होती. लोक भेटायला आले, म्हणाले, सुटली बिचारी. सुटली काय? तिला जगायचं होतं. नाकाला नळी लावलेली असताना मला म्हणाली, "धरणं सोडू नका. तुमच्या एकट्याचं नाही ते." ती अशीच बोलायची, कामाचं.

सूनबाईनं एकदा हळूच विचारलं, "बाबा, आईंचा पलंग काढू का? तुम्हाला खोलीत फिरायला जागा होईल." मी नको म्हटलं. मला कुठे फिरायचंय.

उन्हाळ्यात बोलावणं आलं. आमच्या अर्जांसाठी समिती बसली होती, माणसागणिक सुनावणी. खेचराच्या नोंदीनं माणूस सिद्ध होत नाही, त्या काळातला तारीख असलेला कोणताही कागद आणा, असं लिहिलं होतं. सोबत्याचा फोन आला. "डबेवाले, घर में ढूँढ. एक का भी मान गए ना, तो सबका रास्ता खुल जाएगा."

बायकोच्या पलंगाखाली माझी फौजेतली काळी पेटी होती. ती उघडली. तळाशी माझी पत्रं. मला वाटलं होतं, दोन-चार असतील. सगळी होती. दोन गठ्ठे. एक साध्या दोऱ्यानं बांधलेला. दुसरा माझ्या जुन्या वर्दीच्या पट्टीनं बांधलेला, आणि त्यातल्या दर दोन पत्रांच्या मधे बटर पेपरचा तुकडा.

नातीला बसवलं. ती कॉलेजात आहे. पत्रांचं इंग्रजी करून द्यायचं होतं. तिचं मराठी इथलं, घरापुरतं. "आजोबा, 'खुशाल' म्हणजे?" मी सांगितलं, मजेत. ती वाचत गेली. 'मी कॅम्पातच आहे. वर जात नाही. काळजी करू नको.' दुसरं घेतलं. तेच. तिसरं. तेच. आपलंच खोटं आपल्या नातीच्या तोंडून ऐकायला लागणं वाईट असतं.

"आजोबा, ये तो उल्टा है. सगळ्यांत तुम्ही खाली आहात. हे दिलं तर केस संपलीच ना?"

मुलगा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "बाबा, नकाच देऊ यार ते."

मी पेटी बंद करायला लागलो. तेवढ्यात नात म्हणाली, "पण हा गठ्ठा पेननं लिहिलेला आहे आणि हा सगळा पेन्सिलीनं. का?"

"वर पेन चालत नाही," मी म्हणालो. "थंडीनं शाई गोठते. वर पेन्सिलच लागते."

बोलून गेलो आणि मग माझ्या ध्यानात आलं मी काय बोललो. पट्टीनं बांधलेला गठ्ठा माझ्या हातातच होता. पेन्सिलीचं अक्षर घासून पुसतं, म्हणून मधे बटर पेपर.

बायकोचा बाप फौजी होता. तोही बर्फात राहिलेला. त्याची पेन्सिलीची पत्रं तिनं लहानपणी वाचली असणार. आईला वाचून दाखवली असणार.

मी गावी मेहुणीला फोन लावला. मी फौजेत असताना ती बहिणीच्या मदतीला आमच्याच घरी असायची. सरळ विचारलं.

"दाजी, आक्काला ठाऊक नव्हतं होय?" ती म्हणाली. "पेन्सिलीचं पत्र आलं की आक्का पलंगावर झोपायची नाही. खाली घोंगडी टाकायची. पेनाचं पत्र आलं की मग पलंगावर. आम्ही हसायचो तिला. तुम्हाला कधी बोलली नाही?"

"नाही."

"तुम्हीच सांगितलं नव्हतं ना, मग ती कशाला सांगेल?"

मेहुणी पहिल्यापासून तिखट. पण खोटं बोलली नाही.

नातीनं पेन्सिलीच्या पत्रांवरच्या तारखा खेचराच्या नोंदीशी लावून बघितल्या. खेचराचं पोट दुखलं त्या आठवड्यातलं एक पत्र गठ्ठ्यात होतं. पेन्सिलीनं. त्यातही लिहिलं होतं, वर जात नाही.

सुनावणीला तेच नेलं. सोबती दाराबाहेर बसला. आत टेबलामागे तिघे. मधल्या बाईंनी इंग्रजी वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. हिंदीतच म्हणाल्या, "बाबा, यात तुम्ही स्वतः लिहिलंय की तुम्ही खाली आहात."

"खोटं लिहिलंय."

"मग आम्ही काय खरं धरायचं?"

"बायकोला लिहिलंय, साहेब. बायकोला खरं लिहितं का कोणी? शब्द सोडा. कशानं लिहिलंय ते बघा. आणि खेचराची तारीख बघा."

डावीकडचे गृहस्थ पिकल्या मिशांचे होते. त्यांनी कागद घेतला, खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला, कडेच्या एका अक्षरावर अंगठा फिरवला. अंगठ्याला काळं लागलं. ते बघत राहिले. मग बाईंना एवढंच म्हणाले, "ऊपर पेन नहीं चलता, मॅडम. मैं रहा हूँ."

बाई म्हणाल्या, "मूळ पत्र फाइलला लावावं लागेल. नक्कल चालणार नाही."

हे मी धरलं नव्हतं. ते पत्र तिनं बटर पेपरमध्ये जपलेलं. फाइलीला भोक पाडून दोरा घालणार, पुढे कुठल्या कपाटात जाईल देव जाणे. मी हात पुढे केला, परत घ्यायला. केलाच. मग दाराच्या काचेतून सोबत्याचं डोकं दिसलं. आणि तिचं बोलणं आठवलं, तुमच्या एकट्याचं नाही ते. हात मागे घेतला.

"भोक कडेला पाडा," मी म्हणालो. "अक्षरावर नको."

मिशीवाल्यांनी स्वतः पाडलं. कडेलाच.

बाहेर सोबत्यानं विचारलं, "क्या बोले?" मी म्हटलं, कळवतील. तो म्हणाला, "इतनी देर लगाई, हमने सोचा भाग लिया." मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मेट्रोपर्यंत माझा हात धरून चालला.

निकाल अजून यायचाय.

त्या दिवशी घरी येऊन गठ्ठा परत पेटीत ठेवायला घेतला. दोन बटर पेपर एकाला एक लागलेले, मधलं पत्र नाही. ते काही मला बघवेना. नातीकडून पेन्सिल मागून घेतली आणि वहीचा एक कागद. बायकोच्या पलंगावर बसून लिहिलं. लिहायची सवय गेलीय, अक्षर वेडंवाकडं आलं.

'मी वर होतो. आता खाली आलोय. पलंगावर झोप.'

घडी करून त्या दोन बटर पेपरांच्या मधे घातला आणि पट्टी बांधली.