मामाच्या मागाशेजारची जागा

नव्या गोष्टीला आधी नाही म्हणायचं आणि ती काय आहे ते मग विचारायचं, असा माणूस सुरतेच्या अख्ख्या कतारगामात एकच होता. तो माझा मामा. आईचा लांबचा भाऊ. सातवीत माझी शाळा सुटली तेव्हा यानेच मला धुळ्याकडून सुरतेला आणलं, शेठच्या विनवण्या करून आपल्या शेजारच्या यंत्रमागावर उभं केलं. त्याचं खाल्लंय, म्हणून त्याला हसतानाही जपून हसतो. कारखान्यात पंखा लावला तर मामा म्हणे, मागावरच्या धाग्याची तार तुटते. पंखा बिघडला तर म्हणे, माणसं मारायला निघाले. चहावाला बदलला तेव्हा त्याने चहाच सोडला. जुना परत आला, तर त्याच्याही हातची चव गेली म्हणे.

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत शेठचा शिकलेला मुलगा कारभार पाहू लागला. त्याने नियम काढला: एका गावची माणसं शेजारी-शेजारी नकोत, आणि पाणी सगळ्यांना एकाच माठातलं. "काका, हवे बधा सरखा," तो हसून म्हणाला, म्हणजे आता सगळे सारखे. ओडिशाची माणसं खूश झाली. तापल्या पत्र्याखालच्या खटारा मागांवरून त्यांची सुटका होणार होती. आमच्यातलेही काही खूश होते, ज्यांना कारखान्यात कोणी मामा नव्हता. मामा मात्र पेटला. "त्यास्ना डबाले मासाना वास येस! आज पानी एक, सकाय माग एक, मंग मी कोठे जाऊ?" पाणी तो खोलीवरून आणू लागला.

खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. मामाला तुटलेली तार दिसेनाशी झाली होती. मी शेजारून वाकून गुपचूप गाठ मारायचो. हे मुकादमाला कळलं असतं तर मामाचं काम त्याच दिवशी गेलं असतं.

मला समोरच्या रांगेत टाकलं आणि मामाशेजारी बनमाली नावाचा ओडिया आला. माझा जीव टांगणीला. आता हा बोंब मारणार, असं वाटत असतानाच बनमालीने हात लांबवला, मामाच्या मागावरची तार सांधली आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. मग ते रोजचंच झालं. मी मामाला सांगितलं तर खवळला, "माले दिखस!" पण दुसऱ्या दिवसापासून खोलीवरून पाणी आणणं बंद झालं. शिव्या तेवढ्या चालू राहिल्या.

पुढे आई आजारी म्हणून बनमाली गावी गेला, आणि मामाच्या कापडाचे ताके खराब निघू लागले. शेठच्या मुलाने त्याच्यासमोर बोटं धरली, किती ते विचारलं. मामा चुकला. "काका, हवे घेर जाव, आराम करो." घरी जा म्हणतानाही तेच हसू, तोच आदर. बधा सरखामध्ये डोळे बसत नव्हते.

भुसावळच्या गाडीत बसल्यावर मामाने लसणाच्या चटणीची डबी माझ्या हातात कोंबली. "बनमालीले दी दे. मासाना वास येस त्याले, पन हात चांगला शे."

बनमाली परतला तेव्हा मामाच्या मागावर नवा माणूस होता. तिकडे तार तुटली तसा बनमालीचा हात सवयीने गेला. नव्याने तो झटकला, "अपना देख!" बनमालीने माझ्याकडे पाहिलं. मागांच्या त्या खडखडाटात बोलून काही ऐकू जात नाही. मी आपल्या डोळ्यांकडे बोट केलं, मग स्टेशनाच्या दिशेने, आणि खिशातली डबी वर धरून दाखवली.