हवा मोजणारं यंत्र आणि आमची भरलेली खोली

गुरुवारी मी आमच्या मालकांच्या आईला खोलीबाहेर काढलं... हातातल्या ओवाळणीच्या ताटासकट. नोकरी अजून शाबूत आहे, म्हणून निवांत लिहितेय.

आमची कंपनी चाकणला. आजूबाजूला गाड्यांचे मोठमोठे कारखाने, त्यात आमचं शेड इतकं लहान की रिक्षावालाही दोनदा पुढे निघून जातो. पण याच शेडमध्ये आम्ही हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र बनवलंय. आत लेझरचा किरण आरशांवर आपटत फिरत राहतो, आणि वाटेत त्याचा प्रकाश किती कमी झाला यावरून हवेत हा वायू किती ते कळतं.

ऐकायला सोपं वाटतं ना? हवेच्या दहा लाख भागांत हा वायू जेमतेम चारशे-सव्वाचारशे भाग. आणि गिऱ्हाईक म्हणतं, त्यातल्या एका भागाच्या दहाव्या हिश्श्याचीही चूक नको! मी आजवर पाहिलेली अशी सगळी यंत्रं परदेशातून आलेली. त्यामुळे आमच्या यंत्राचं मला किती कौतुक असेल, विचारूच नका.

गुरुवारी त्याची परीक्षा होती. एका संशोधन संस्थेच्या डॉक्टर मॅडम त्यांचं परदेशी यंत्र घेऊन आल्या होत्या. गच्चीवरून एक नळी खाली आणायची, तीच हवा दोन्ही यंत्रांना द्यायची आणि आकडे जुळतात का बघायचं. जुळले तर आमचं यंत्र त्यांच्या डोंगरावरच्या केंद्रात बसणार. नाही जुळले, तर आमची सगळी मेहनत खोक्यात...

आता आपली माणसं कशी असतात, तुम्हाला माहीतच आहे. नव्या मशिनला हळद-कुंकू लावल्याशिवाय कुणाला चैन पडेल तर शपथ. अख्खं शेड त्या एवढ्याशा टेस्ट रूममध्ये येऊन उभं! मालकांच्या आई, म्हणजे आमच्या माई, निरांजन पेटवून तयार. दार बंद, एसी चालू, पेढ्यांचा बॉक्स फिरतोय.

सुरुवातीला दोन्ही आकडे अगदी जोडीनं चालले. मग आमचा आकडा वर सरकायला लागला. हळूहळू, पण थांबेचना... मॅडमचा मात्र जागच्या जागी. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

मी वळून बघितलं. एवढी माणसं, वर पेटतं निरांजन, बंद दार... आपण श्वासातून कार्बन डायऑक्साइडच तर बाहेर टाकतो!

"सगळे बाहेर!" मी ओरडलेच. परभणीची आहे, आवाज मुळातच मोठा. "माई, तुम्हीपण. ताट घेऊन."

"आगं पोरी, आमी काय केलं?" माई म्हणाल्या, पण निघाल्या बिचाऱ्या.

दारं-खिडक्या उघडल्या, पंखा लावला. आकडा उतरत उतरत मॅडमच्या आकड्याशेजारी येऊन बसला. आमचे मालक, दादा, एकदम खूश. "बघा मॅडम, गर्दीमुळं झालं. आता कसं मस्त चाललंय!"

विषय तिथेच संपवता आला असता. पण मला राहवेना. हवा येतेय गच्चीवरून, बंद नळीतून. मग खोलीतल्या माणसांचा श्वास आत पोचलाच कसा? आणि तोही फक्त आमच्या यंत्रात? उद्या डोंगरावर कुणी खोलीत शिरलं की आकडा खोटा येणार... आणि त्यावर विसंबून लोक संशोधन करणार.

"मॅडम, आमच्यात कुठेतरी लीक आहे," मी म्हटलं. दादांनी नजरेनंच मला गेटबाहेर काढलं.

आतला पंप हवा खेचत असतो, त्यामुळे जोडात केसाएवढी फट असली तरी खोलीतली हवा आत ओढली जाते. मी वाकून एकेका जोडावर हळूच श्वास सोडत गेले, आणि मॅडम स्वतः आकड्यावर नजर ठेवून बसल्या. आत आरसे बसवलेल्या नळीच्या तोंडाशी, तिथल्या जोडावर श्वास सोडला आणि मॅडम ओरडल्या, "हाच!"

दारात उभे असलेले आमचे फिटर, सलीमभाई, यांनी कपाळाला हात लावला. "पाहुणे येणार म्हणून सकाळी सगळे जोड परत आवळले, ताई... जरा जास्तच."

घ्या! नट आवळून झाला तरी जाता जाता पाना अजून थोडा फिरवायचा, ही चाकणच्या अख्ख्या कारखानापट्ट्याची सवय. गाडीत खपून जातं. इथे मात्र जोडातली नाजूक रबरी रिंग चेपून कापली गेली. आदल्या दिवशी लीक टेस्ट पास झालेलं यंत्र निव्वळ मायेपोटी बिघडलं! रागवावं की हसावं तेच कळेना. नवी रिंग सलीमभाईंनीच बसवली, पण पाना आधी माझ्या हातात देऊन टाकला.

मॅडम म्हणाल्या, चला, पुन्हा सुरू करू. मी म्हटलं, एक मिनिट. दार उघडून हाक मारली, "सगळे आत या! माई, निरांजन पेटवूनच या!"

खोली गच्च भरली. दार लावलं. आणि बघते तर काय, सगळे श्वास रोखून उभे... सलीमभाईंनी तर डोळेही मिटलेले. मॅडमना हसू आवरेना. "अहो, श्वास घ्या! जोरात घ्या, त्याचीच तर परीक्षा आहे!"

मग काय विचारता... सगळे असे फुरफुरायला लागले! आणि आकडा? ढिम्म हलला नाही. पेढे संपले तरी दोन्ही आकडे शेजारी शेजारीच.

मॅडमनी सही केली. मला म्हणाल्या, "लीक आहे हे तुम्ही आपणहून सांगितलंत ना, म्हणून तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही माझा विश्वास बसला." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. दादा शेजारीच उभे होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची पोरगी आहे ती."

आता यंत्र डोंगरावर जाईल. तिथले आकडे कुठे कुठे वाचले जातील, आणि ते चाकणच्या एका शेडमधून आलेत हे कुणाला कळणारही नाही. नाही कळलं तर नाही. ते खरे असतील... आणि मला त्याचा फार फार अभिमान वाटतोय.