पाहुण्यांसाठी बंद ठेवलेलं क्लिनिक

रेजिनाला राहायला आल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात नवऱ्याच्या डोक्यात वाळूच्या टेकड्या शिरल्या. कॅनडात वाळवंट आहे म्हणे, बघायलाच हवं! बघितलं. केसांत वाळू, दातांत वाळू. परतताना पेट्रोल भरायला एका गावात थांबलो. गाव कसलं, एक पंप, एक क्लिनिक आणि दहा-बारा घरं. पंपावरच्या वॉशरूमला कुलूप. भर उन्हात मी नवऱ्याला मराठीतून झाडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं बाई, मराठी? चल, घर समोरच आहे आमचं."

साठीच्या काकू होत्या, दूध घ्यायला आलेल्या. त्यांचे यजमान त्या गावचे डॉक्टर, कित्येक वर्षं तिथेच. "पाचच मिनिटं हं," नवरा म्हणाला. मराठी घरातून पाच मिनिटांत कोण सुटलंय? काकूंनी थेट कणीक मळायला घेतली.

मला तिथे जीव नकोसा झाला. धूळ येते म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले. एक पडदा सारून बघितला तर बाहेर काही म्हणजे काहीच नाही. ही बाई इथे दिवसभर करते तरी काय? जेवण नको सांगायला मी स्वयंपाकघरात गेले, तर त्यांनी पिठाच्या हातानं माझं मनगटच धरलं.

"मला रेजिनापर्यंत नेशील? तिथून विमानात बसेन मी."

त्यांची लेक पार लांब, लव्हाल शहरात. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. काका म्हणायचे, बदली डॉक्टर आला की दोघं जाऊ. तो काही येत नव्हता. त्या रस्त्यानं बस नाही. गाडी काकूंना येत नव्हती. "हे असतातच न्यायला, म्हणून शिकलेच नाही गं." माझं शिकाऊ लायसन्स वर्षभर पर्समध्ये पडून होतं, कारण माझाही नवरा असायचाच न्यायला.

दाराआड बॅग भरून ठेवलेली होती. वर डिंकाच्या लाडवांचा डबा.

"सरळ सांगून निघा की," मी म्हणाले.

"त्यांच्यासमोर पाय निघत नाही माझा. जेवून ते क्लिनिकला गेले की निघू. मागून फोन करीन."

मग मीच पोळ्या लाटायला उभी राहिले. काका आले. हसरे, उमदे गृहस्थ, आम्हाला बघून हरखलेच. "पुण्याचे? वा वा!" नवऱ्याशी गप्पा रंगल्या. मी घड्याळाकडे बघत होते, काकूही. एकदाचा ताकभात झाला. काका उठले, फोनपाशी गेले, इंग्रजीत काहीतरी बोलले आणि हात चोळत परत आले.

"आज क्लिनिक बंद! घरी पाहुणे आलेत, चेष्टा आहे का?"

काकू पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

माझं डोकं फिरलं. "काका, आमच्यासाठी बंद ठेवता येतं, मग लेकीच्या बाळंतपणासाठी का नाही?"

नवऱ्यानं टेबलाखालून लाथ मारली. काका जरा गोंधळले. "अगं, ते काय एका दिवसाचं काम आहे? आणि हिला मी कुठे अडवलंय? जातेस का गं यांच्याबरोबर?"

किती सहज विचारलं! मी काकूंकडे बघितलं. म्हणा ना हो, म्हणा!

"छे! मी कुठे जाऊ?" त्या हात पुसत म्हणाल्या. "यांच्या जेवणाचं कोण बघणार? तू ताक घे अजून."

मला रागानं रडूच आलं. काका चांगले होते, हेच तर वाईट होतं.

निघताना काकूंनी कुंकू लावलं. नारळ नव्हता घरात. त्यांनी माझ्या ओटीत तांदूळ घातले आणि वर तो डबा ठेवला. "आता तूच खा गं," एवढंच म्हणाल्या. काका फाटकापर्यंत सोडायला आले. काकू दारातच थांबल्या.

गाव मागे पडलं. "काय प्रेमळ माणसं ना!" नवरा म्हणाला.

डबा मांडीवर होता. "गाडी बाजूला घे," मी म्हणाले.

"का? वॉशरूम?"

"नाही. उतर तू. मी चालवते."