अक्कांच्या ओटीत

माझं धाकटं लेकरू अजून मान धरत न्हवतं, तवा घरात ठरलं, ते अक्कांच्या ओटीत घालायचं. अक्का म्हंजी माझ्या थोरल्या जाऊबाई. दौंडला असत्यात, लगीन होऊन लई वर्सं झाली, मूल न्हाई. ठरलं म्हंजी सासूबाई बोलल्या, मामा, म्हंजी माझे सासरे, व्हय म्हणले, ह्यांनी मान खाली घातली. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, तिथंच ऐकलं.

"तुला थोरला हाय की," सासूबाई म्हणल्या. "आन् परक्यात चाललंय का? दौंडला तर चाललंय."

त्याच दिसांत शेजारची नववीतली पोरगी आमच्या ओट्यावर भाषण पाठ करायची. शाळेत स्पर्धा होती, अमेरिकेतल्या गुलामांवर. मी बी नववीतच शाळा सोडली, पर हे कधी ऐकलंच न्हवतं. मी लेकराला पाजत दाराआड बसायची आन् ती वरडायची, "आफ्रिकेतली माणसं साखळदंडांनी बांधून जहाजाच्या तळात कोंबली जात! बाजारात उभी करून त्यांचे दात तपासले जात!" म्हंजी आपण बैलाचं बघतो तसं. कापसाच्या रानात अंधार पडस्तोवर काम, हात थांबला की चाबूक. लिहाय-वाचाय शिकलं तरी मार. बाई गुलाम तर तिचं लेकरू बी मालकाचं, पोटात असल्यापास्नं. मग ती हात वर करायची, "मालक मूल विकतो! आई पाय धरते! तिला कुणी विचारत नाही!"

सासूबाई शेंगा फोडत म्हणायच्या, "अगं बये, सकाळधरनं किती येळा विकलंस त्याला! ठिव की जरा आईपाशी."

"आज्जी, पाठ व्हायला पायजे ना!"

त्या हसायच्या. मी पदराखाली लेकरू आवळायची.

एकदा मी तिला इचारलंच, "मग त्या आईचं काय झालं गं?"

"काय की, काकू. सरांनी तेवढंच लिहून दिलंय."

भांडी घासताना, मेथी खुडताना ती बाई डोळ्यापुढं यायची. तिच्यावर जे झालं त्याची माझ्याशी बरोबरी न्हाई, कळतंय मला. मला कुणी मारत न्हाई, पोटाला हाय. आन् अक्का तर माझ्या बाळंतपणात आलेल्या, लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या, टाळूला तेल लावताना रडायच्या. त्यांचा राग येत न्हवता, तेच लई वंगाळ.

तो दिवस आला. अक्का हिरवी साडी नेसून पाटावर बसल्या, पदर पसरला, त्यात तांदूळ, नारळ. सासूबाई म्हणल्या, "चल, घाल. आईनंच आपल्या हातानं घालायचं आसतंय. दिलं म्हणायचं."

हे मला ठाऊकच न्हवतं. मला वाटलेलं, उचलून नेतील, मी रडंन, झालं. म्हंजी माझ्या हाताबिगर हे हुतच न्हाई? त्या भाषणातल्या बाईचा हात कुणाला नको होता. माझा पायजे होता.

"घाल की गं, बघत काय बसलीस!"

"ये माझ्या सोन्या," अक्का म्हणल्या.

मी वाकले. लेकराचे पाय तांदळाला लागले बी. आन् माझे हात उघडंनात.

"न्हाई. अक्का, पाया पडते तुमच्या, मला न्हाई जमायचं."

"येडी का काय!" सासूबाई वरडल्या. "विकतोय का आम्ही त्याला?"

मामा उठून भाईर गेले. हे भितीकडं बघत ऱ्हायले. अक्का पदर दोन्ही हातांनी धरून उठल्या, तांदूळ सांडू नयेत म्हणून हळूहळू चालत देवापुढं गेल्या, तिथं सगळं ठेवलं, आन् गाडीत जाऊन बसल्या.

आता लेकरू चालतंय. अक्का आमच्या गावी, निमोण्याला, येत न्हाईत. फोन केला तर त्यांचे मालक, थोरले भाऊजी, उचलत्यात, झोपलीय म्हणत्यात, भर दुपारी. हे माझ्याशी कामापुरतं बोलत्यात. दारात गाडी थांबली की मी अजून लेकराला घिऊन मागल्या दारानं रानात जाते.

परवा शिरूरच्या स्टँडवर अक्का अचानक समोर आल्या. लेकरू त्यांच्याकडं बघून हसलं. त्यांनी हात पुढं केले, आन् मी मागं सरले, आपोआप. त्यांनी ते बघितलं. हात खाली घेतले.

"टोपी घाल गं त्याला," म्हणल्या. "ऊन लई हाय."