बिघडलेल्या मुलाची तालीम

तिसऱ्या कंपनीतून भांडून मी घरी बसलो, त्याला चार महिने झाले होते. कारेगावच्या घरात मी आणि आई दोघंच. माझं तिच्याशी बोलणं ‘हं’ आणि ‘नको’ यापुढे जात नव्हतं. अशात पुण्याची काही मंडळी सिनेमा करायला आली. बिघडलेला मुलगा आणि त्याची आई, अशी गोष्ट. सरपंचांनी त्यांना सरळ आमचं घर दाखवलं. अंगण मोठं म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मुलाचं काम करणारा नट आठ दिवस आधीच राहायला आला. सकाळी उठून अंथरुणाची घडी घालणारा, ताट स्वतः धुणारा. त्याला बिघडायचं कसं ते शिकायचं होतं. मला विचारायला तो कचरायचा, म्हणून आईला विचारायचा. मी आतल्या खोलीत पडून ऐकायचो.

“सायबाच्या अंगावर धावून गेला. घरी येऊन मोबाईल भिंतीवर फोडला,” आई भाकरी थापत म्हणाली.

“मग तुम्ही काय केलंत?”

“काचा येचल्या. त्याच्याच पायात गेल्या असत्या.”

हे मला ठाऊक नव्हतं.

“आता बोलत न्हाई. राग न्हाई त्यो. लाजतंय.”

मी कूस बदलली.

शूटिंगच्या दिवशी त्याला जेवणाचं ताट भिरकावायचं होतं. सात वेळा प्रयत्न झाला. प्रत्येक वेळी ताट देवापुढे ठेवावं तसं खाली यायचं. वैतागून दिग्दर्शकांनी मला बोलावलं, “तुम्ही जरा दाखवता?”

मी ताट उचललं. वीसेक माणसं बघत होती, कॅमेऱ्याशेजारी आई उभी. हात वर जाईना.

“घरी तर झ्याक जमतंय की,” आई म्हणाली.

सगळे हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा मीही हसलो.

पुण्यात सिनेमा दाखवला, तोवर मी रांजणगावच्या एका कंपनीत पुन्हा कामाला लागलो होतो. सुट्टी काढून आईला घेऊन गेलो. पडद्यावरची आई सारखी रडत होती. “एवढं रडल्यावर सैपाक कवा करायचा हिनं?” आई म्हणाली, तेही मोठ्यानं. सिनेमातला मुलगा शेवटपर्यंत आईची माफी मागत नाही. तेच खरं वाटतं, असं दिग्दर्शकांनी नंतर सांगितलं.

परतीच्या एसटीत मी माफी मागितली.

“बरं,” आई म्हणाली, “ती खिडकी लाव. वारं लागतंय.”