नको म्हणणाऱ्याचं ताट

मुलुंडच्या आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला मे महिन्यात असायची. वडील कार्यवाह, त्यामुळे बाहेरगावचा वक्ता आमच्याकडेच जेवायचा. त्या वर्षी एक फार नावाजलेले कादंबरीकार आले. मी विशीतला, पत्रकं वाचून वाढलेला आणि आता स्वतः गिरणी कामगारांसाठी पत्रकं लिहिणारा. त्यांना चार खडे प्रश्न विचारायचे असं मी ठरवलं होतं.

विचारायला सवडच मिळाली नाही. आई आमरस वाढायला आली तशी पाहुण्यांनी वाटीवर हात आडवा धरला.

"नको, वहिनी. खरंच नको."

"असं कसं? गावचा आंबा आहे!"

"घ्या हो," वडील म्हणाले, "तुम्ही उगाच संकोच करताय."

तिसऱ्या वाटीला त्यांनी नको म्हणणंच सोडलं. जेवण झाल्यावर मी मागल्या दारी त्यांच्या हातावर पाणी घालत होतो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "जन्मभर नको म्हणत आलो रे. ताटात पडतच गेलं. आयुष्य म्हणजे एवढंच." आणि संध्याकाळी व्यासपीठावरून जगण्याच्या आनंदावर तासभर बोलले.

मी पेटलो. घाटकोपरला आमचा मित्र पत्रकं छापायचा, त्याला सगळं सांगितलं.

"म्हाताऱ्याला अजीर्ण झालंय, लेका," तो म्हणाला. "लिही. सोलून काढ."

मी लिहिलं. ज्यांच्या ताटात काही पडतच नाही त्यांच्या जगात हे गृहस्थ राहत नाहीत, असं लिहिलं. पुढे लिहिलं की ज्याला खरंच नको असतं तो पाटावरून उठतो. या वाक्यावर मी खूश होतो.

लेख मित्राकडे दिला, पण तो छापून व्हायच्या आधीच वडिलांनी आपल्या साहेबांना चहाला बोलावलं. माझ्यासाठी सरकारी कचेरीत कारकुनाची जागा होती. ती घेतली की चळवळ बंद, पत्रकं बंद.

"मला ती नोकरी नको," मी आईला सांगितलं.

"सगळे आधी असंच म्हणतात. तुझे बाबाही म्हणाले होते."

वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं बरं, आधी भेट तर." शेवटी साहेबांच्या तोंडावर सांगितलं, "मला ही नोकरी नको आहे."

साहेब दिलखुलास हसले. "वा! स्वाभिमानी आहे. अशीच मुलं हवीत आम्हाला."

वडिलांचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्याकडे बघवेना. तेव्हाच उठायला हवं होतं. दार चार पावलांवर होतं. आई साखर घेऊन आली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

त्या गृहस्थांना मी भरल्या पोटाचा माणूस समजलो होतो. ते बोलत होते आपल्या घरांतल्या मायेबद्दल, जिला नकार हा विनयच वाटतो. मालकाच्या लाठीपेक्षा मला ही माया जास्त घातक वाटते. लाठीविरुद्ध पत्रक काढता येतं. इथे कुणाविरुद्ध काढायचं? आईविरुद्ध? तरीही यालाच आयुष्य म्हणायला मी तयार नाही. त्यांनी तसं म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला जाऊन लेख परत मागितला.

"का रे? फक्कड झालाय."

"साहेब आले होते काल."

"मग? तू काय म्हणालास?"

"नको म्हणालो."

"शाबास! आणि?"

"सोमवारपासून कामावर जायचंय."