वर्षाची ऑटोमॅटिक

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. मग तुम्हांला का सांगते आहे? तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून. बघा – इथेही मी सोपीच वाट धरली.

गोष्ट एका जुन्या गाडीची आहे. निदान वर्षाच्या घरी ती तशीच सांगितली जाते.

मी दिल्लीतच वाढले. वडील केंद्र सरकारात होते. मी कॉलेजात असतानाच त्यांनी मला गाडी शिकवली. तेव्हा आमच्या ओळखीच्या मराठी घरांतल्या बायका फारशा गाडी चालवत नसत. लग्नानंतर दिल्लीतल्याच द्वारकेत आलो, माझं ऑफिस गुडगावला, रोज मीच गाडी काढायचे. कुणाच्या तरी गाडीचा आवाज ऐकून मी कधीतरी म्हटलं असेल की बेअरिंग गेलंय, आणि ते खरं निघालं असेल. झालं. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळात कुणालाही सेकंडहॅंड गाडी घ्यायची असली की आधी मला फोन यायचा. ‘मीनाताईंना दाखवा एकदा.’ हे वाक्य मला किती आवडायचं म्हणून सांगू?

वर्षा गजभिये माझ्याहून बरीच लहान. अमरावतीची. नवरा प्रशांत एका मंत्रालयात नोकरीला, आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर, आणि मुलगी इरा तेव्हा प्राथमिक शाळेत. वर्षा स्पीच थेरपिस्ट. ज्या मुलांना ऐकू येत नाही किंवा बोलायला उशीर होतो, त्यांना ती बोलायला शिकवायची. सेंटरवर येऊ न शकणाऱ्या मुलांच्या घरी जायची तिची फार इच्छा होती. नजफगढच्याही पुढे एक लहान मुलगी होती, पिंकी नावाची. तिची आई तिला दोन बस बदलून आणायची, आणि शेतीच्या दिवसांत आणायचीच नाही. वर्षा म्हणायची, ताई, तिला ‘म’ म्हणता यायला लागलाय, आता खंड पडला तर सगळं परत मागे जाईल.

म्हणून तिला गाडी हवी होती. क्लच आणि गिअरची तिला भीती वाटायची, म्हणून ऑटोमॅटिक. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी. पैसे तिचे स्वतःचे, साठवलेले.

तिला गाडी शिकवली मीच. द्वारकेच्या टोकाला जिथे इमारती उभ्या राहायच्या होत्या, तिथले रस्ते सकाळी मोकळे असायचे. माझ्या ऑटोमॅटिकवर ती शिकली. एक गोष्ट मी तिला पहिल्या दिवसापासून घोकून घ्यायला लावली – गाडी पूर्ण थांबल्याशिवाय गिअरचा लिव्हर हलवायचा नाही. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये जाताना चाक जरा जरी फिरत असलं तरी नाही. आणि ती इतकी आज्ञाधारक, की थांबल्यावरही मनात काहीतरी मोजायची आणि मग हात लिव्हरकडे न्यायची. मी हसायचे तिला. हे लक्षात राहू द्या, कारण मला ते कधीच विसरता आलेलं नाही.

नोएडातल्या एका गृहस्थांची सेडान बघायला आम्ही तिघं गेलो – वर्षा, प्रशांत आणि मी. रविवारची सकाळ. गृहस्थ अदबशीर, घर नीटनेटकं. गाडी रंगाने देखणी, आत स्वच्छ. मी बॉनेटला हात लावला. गरम होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधी त्यांनी गाडी फिरवून आणली होती. ऑटोमॅटिक बघायची तर थंड असताना बघावी, एवढं मला पक्कं माहीत होतं. गिअरबॉक्समधलं तेल तापलं की बऱ्याचशा खोडी झाकल्या जातात. तेव्हाच म्हणायला हवं होतं – चलो, उद्या सकाळी परत येतो, तोपर्यंत गाडीला हात लावू नका. मी म्हटलं नाही. का? घरी पाहुणे यायचे होते, नोएडा लांब पडतं... मला अवघड काहीच नव्हतं, नुसता कंटाळा आला होता.

पहिल्या फेरीला सगळे गाडीत होते. मी चालवली. मोकळ्या रस्त्यावर गिअर छान पडत होते. मी मागे वळून म्हटलं, ‘‘गिअरबॉक्स एकदम छान आहे.’’ असं, लगेच. कुणी विचारलंही नव्हतं.

प्रशांत सावध माणूस. परत आल्यावर तो हळूच म्हणाला, ‘‘ताई, एकदा मेकॅनिकला पण दाखवून घ्यायची का?’’

किती साधा प्रश्न होता. आणि मला तो झोंबला.

‘‘दाखवा ना,’’ मी म्हटलं. ‘‘मग मला कशाला आणलंत?’’

तो बिचारा ओशाळला. ते गृहस्थ हसून म्हणाले, ‘‘मैडम से अच्छा मैकेनिक कहाँ मिलेगा.’’ आणि मी – मी खूश झाले. मेकॅनिकचा विषय तिथेच मिटला. मीच मिटवला.

ती दोघं कागद बघायला घरात गेली. मी म्हटलं, गाडी जरा नीट लावून येते. गल्ली अरुंद होती. मागे घेतली, पूर्ण थांबवली, लिव्हर ड्राइव्हवर आणला, ब्रेक सोडला. गाडी हललीच नाही. दोन श्वास जातील एवढा वेळ ती तशीच उभी. मग कुणी मागून लाथ मारावी तसा दणका बसला आणि ती पुढे सरकली. मी परत करून पाहिलं. परत तेच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी मागाहून निघाली.

गरम असताना ही गत, तर थंड असताना काय असेल? मला कळलं होतं. अर्धवट नाही, पूर्ण कळलं होतं. हा बॉक्स आतून झिजलेला होता आणि फार दिवस काढणार नव्हता.

मी गाडीत बसून राहिले. आत जाऊन काय म्हणणार होते? की मघाशी उगाच बोलले? की प्रशांतचं बरोबर होतं? एवढंच म्हणायचं होतं हो. दोन वाक्यं. त्या अनोळखी माणसासमोर माझं जरासं हसं झालं असतं, आणि तेही संध्याकाळपर्यंत सगळे विसरले असते.

मी आत गेले. वर्षा चहाचा कप हातात धरून माझ्याकडेच बघत होती. ‘‘घ्यायची ना, ताई?’’

‘‘घे,’’ मी म्हटलं.

पुढचे काही महिने ती आनंदात होती. पिंकीच्या घरी जायची. अजून दोन-तीन मुलं घेतली होती. मला फोन करून सांगायची – आज पाऊण तासात पोचले, आज तिने ‘मम्मी’ म्हटलं आणि तिची आई रडली. एकदा म्हणाली, ताई, सकाळी सकाळी गाडी जरा थांबून निघते, असं असतं का? मी म्हटलं, जुनी आहे, तापू देत जा जरा. तीही एक संधी होती. ती मी कशी घालवली ते तुम्ही बघताच आहात.

जूनमध्ये, भर दुपारी, एअरपोर्टकडे जाणाऱ्या फ्लायओव्हरच्या चढावर गाडीने दम सोडला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मागे घसरत होती. वर्षाने ब्रेक मारेपर्यंत ती मागच्या गाडीवर जाऊन आदळली. धक्का फार नव्हता, कुणाला लागलं नाही. पण मागच्या सीटवर बसलेली इरा किंचाळली, आणि त्या गाडीचा माणूस खाली उतरून वर्षाला वाट्टेल ते बोलला. गाडी चालवता येत नाही तर रस्त्यावर येता कशाला, आणि त्याहून घाण. मुलीच्या देखत. उन्हात, चहूकडून हॉर्न वाजत असताना ती टोइंगवाल्याची वाट बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी प्रशांतने मला वर्कशॉपमध्ये बोलावलं. बॉक्स संपला होता, बदलायचा तर खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा. प्रशांतने मला काहीच दोष दिला नाही. नुसतं विचारलं, ‘‘कशाने झालं असेल, ताई?’’

तो माझ्याकडे बघत होता. वर्षाही. आणि मला वाटलं, याला तो मेकॅनिकचा विषय आठवतोय. आठवत होता की नव्हता कोण जाणे. मी घाबरले, एवढं खरं. आणि मग जे बोलले ते हे –

‘‘वर्षा, रिव्हर्समधून ड्राइव्हला घेताना तू गाडी पूर्ण थांबू देत होतीस ना?’’

मला माहीत होतं, ती थांबू देत होती. शेजारी बसून मीच पाहिलं होतं. मनातल्या मनात मोजणारी बाई ती.

ती लगेच उत्तर देऊ शकली असती. पण ती प्रामाणिक. ती खरंच आठवायला लागली. चेहरा पडत गेला तिचा. ‘‘बहुतेक देतच होते,’’ ती म्हणाली. ‘‘पण एखाद्या वेळी घाईत झालंही असेल.’’

‘‘मग त्यानेच,’’ मी म्हटलं. ‘‘ऑटोमॅटिकला ते चालत नाही.’’ वर तिच्या पाठीवरून हातही फिरवला. ‘‘होतं गं असं नवीन असताना.’’

प्रशांतने बायकोला एक शब्द सुनावला नाही, भला माणूस आहे. गाडी मिळेल त्या भावाने गेली. वर्षाने पुन्हा कधी स्टीअरिंगला हात लावला नाही. मी एकदा म्हटलं होतं, माझी चालवून बघ. ती म्हणाली, नको ताई, तुमची पण मोडेल. घरोघरी जाणं बंद झालं. कॅबने इतक्या लांब रोज कोण जाणार? पिंकीची आई काही दिवस फोन करत होती, मग तेही थांबलं. त्या मुलीचं पुढे काय झालं ते वर्षाला माहीत नाही. मला तर नाहीच.

आणि गंमत म्हणून सांगायला एक किस्सा उरला. त्यांच्याकडे पाहुणे आले की निघतोच – वर्षाने गिअरबॉक्स खाल्ला. ती स्वतःच सांगते. चांगला सांगते, लोक हसतात. मीही त्या हसण्यात बसलेली आहे, एकदा नाही, अनेकदा.

मागच्या हिवाळ्यात कस्तुरबा गांधी मार्गावर मंडळाचं जेवण होतं. इरा आता कॉलेजात आहे, उंच झाली आहे, मराठी बोलताना मध्येच हिंदीत घुसते. तिला गाडी शिकायची होती. माझ्याकडूनच. वर्षाने तिला माझ्यासमोर अडवलं. चिडून नाही, अगदी शांतपणे.

‘‘नको, ताई. आमच्या घरात बायकांच्या हाताला गाडीचा गुण नाही. ही पण माझ्यावरच गेलीय.’’

इराने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. माझ्या हातात ताट होतं. आजूबाजूला ओळखीचे लोक होते, पण ऐकत कुणीच नव्हतं. आम्ही तिघीच होतो.

मी म्हटलं, ‘‘आई म्हणते तर राहू दे सध्या. घाई काय आहे?’’

ती ‘अच्छा’ म्हणाली आणि मैत्रिणींकडे निघून गेली.

वर्षाने गाडी बिघडवली नव्हती. ती बिघडलेली होती, आणि ते मला घ्यायच्या आधी कळलं होतं. वाक्य एवढंच आहे. इथे लिहिलं, पण आर. के. पुरमला जाऊन मी ते म्हटलेलं नाही. म्हणेन असंही मला वाटत नाही.